कोलायटिसमध्ये जुलाब एकदम थांबले तर खुश होऊ नका, आमच्याकडून झालेल्या या चुका टाळा

माझ्या धाकट्या भावाला चार वर्षं झाली अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा, संडासमधून रक्त आणि आव पडते, कधी महिनोन्महिने काही त्रास नसतो आणि कधी दिवसाला दहा-बारा वेळा पळावं लागतं. मागच्या पावसाळ्यात तो मरता मरता वाचला, आणि त्यात आमचा घरच्यांचा हात होता म्हणून हे लिहितेय.

त्याचा त्रास वाढला होता, डॉक्टर गावाला गेलेले, मग मेडिकलमधून लोपरामाइड, म्हणजे जुलाब थांबवायची गोळी, आणली, पोटात मुरडा येतोय म्हणून डायसायक्लोमिन पण दिली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकदाही संडासला नाही! आईने देवापुढे साखर ठेवली, त्याने मऊ भात खाल्ला, आम्हाला वाटलं सुटलो. संध्याकाळी तो म्हणाला ताई पायजम्याची नाडी सैल कर गं, बघते तर पोट डग्ग्यासारखं ताणलेलं, बोटाने टिचकी मारली की पोकळ आवाज, अंगात ताप, आणि बोलता बोलता मधेच काहीतरी असंबद्ध बोलायला लागला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पोटावर स्टेथोस्कोप ठेवून कितीतरी वेळ नुसतं ऐकलं, आतड्याचा आवाजच नव्हता. एक्सरेवर पट्टी लावून मोजलं तर आडवं आतडं साडेसात सेंटीमीटर फुगलेलं, सहाच्या वर गेलं आणि सोबत ताप, वाढलेली नाडी वगैरे असेल तर त्याला टॉक्सिक मेगाकोलन म्हणतात. होतं काय की सूज अस्तरापुरती न राहता आतड्याच्या स्नायूत उतरते, स्नायू लुळा पडतो, आत गॅस भरत जातो आणि भिंत पातळ होत होत फुटू शकते. अशा वेळी जुलाब थांबवायच्या आणि मुरडा थांबवायच्या गोळ्या आधीच दमलेल्या आतड्याला अजून झोपवतात, पोटॅशियम कमी झालं असेल तर अजूनच. म्हणजे संडास थांबली ती बरं वाटून नाही, तर आतडं चालायचं बंद झालं म्हणून.

दुसरी चूक, आम्ही सारखं विचारत होतो "दुखतंय का रे" आणि तो नाही म्हणाला की निवांत. तो स्टिरॉइडवर होता, आणि स्टिरॉइड दुखणं आणि ताप दोन्ही झाकतात, आतडं फुटलं तरी पोट म्हणावं तितकं दुखत नाही हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. दुखणं नका विचारू, नाडी मोजा. १९५५ साली ट्रूलव्ह आणि विट्स या ब्रिटिश डॉक्टरांनी घातलेला हिशोब अजून वापरतात: दिवसात सहा किंवा जास्त रक्ताच्या संडास, आणि जोडीला नाडी ९० च्या वर, किंवा ताप ३७.८ सेल्सिअसच्या (म्हणजे साधारण १०० फॅरनहाइट) वर, किंवा हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली, यातलं एक जरी असलं तरी ती अ‍ॅडमिट व्हायची केस आहे, सकाळ व्हायची वाट बघायची नाही.

आणि स्टिरॉइड मनाने सुरू पण करू नका आणि एकदम बंद पण करू नका. आपल्याकडे अमिबामुळे पण रक्त-आव पडते, तो न तपासता स्टिरॉइड घेतलं तर तेच आतडं फुटायला कारण होऊ शकतं. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन पण नको, सांधे बऱ्याचदा याच आजाराने दुखतात आणि त्या गोळ्यांनी पोट परत उसळू शकतं.

तिसऱ्या चुकीची मला अजून लाज वाटते. वॉर्डात सिस्टर हेपॅरिन द्यायला आल्या तर आई आणि मी भांडलो, रक्त जातंय आणि वर रक्त पातळ करायचं इंजेक्शन देताय?! नंतर डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की आतड्याला एवढी सूज असताना रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते, पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते, क्वचित मेंदूच्या शिरेत पण होते, म्हणून संडासमधून थोडंफार रक्त जात असलं तरी ते इंजेक्शन देतात. एकच पोटरी सुजली, अचानक धाप लागली, किंवा कधी नव्हे एवढं डोकं दुखून धूसर दिसायला लागलं तर लगेच सांगा.

भावाचं ऑपरेशन टळलं, सर्जन मात्र तीन दिवस सकाळ-संध्याकाळ येऊन पोट बघून जायचे.

अजून एक, सुरुवातीचे सहा महिने आम्ही याला मूळव्याधच समजत होतो. रक्तासोबत आव असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल, वजन उतरत असेल तर मूळव्याधीचं मलम लावत बसू नका, दुर्बिणीने तपासून घ्या. आणि आजार जुना झाला की साधारण आठ वर्षांनी, त्रास नसला तरी, कॅन्सर होत नाहीये ना हे बघायला कोलोनोस्कोपी (हीच दुर्बिणीची तपासणी) सुरू करायची असते. काही थोड्या पेशंटना मात्र पित्तनलिकेचा आजार जोडीला होतो, त्यांना तर निदान झाल्यापासूनच दरवर्षी करायला सांगतात, खाज ही त्याची एक खूण असू शकते, म्हणून अंगाला सतत खाज सुटली तर घामोळं म्हणून पावडर लावून सोडून देऊ नका, लिव्हरच्या टेस्ट करा आणि त्यात अल्कलाइन फॉस्फेटेज किती आलं ते डॉक्टरांना आवर्जून विचारा.