वाढत्या वयातलं वजन: घरच्यांनी काय करायचं
सगळ्यात आधी, किशोरवयीन मुलांचं वजन जास्त वाटलं तरी त्यांना एकटं डाएटवर टाकू नका, बदल करायचा तो अख्ख्या घरासाठी, म्हणजे गोड कोल्ड्रिंक बंद तर ते बाबांसाठी पण बंद. "केवढी जाड झालीयेस" हे चेष्टेतही नको, खरंच नको, मुलं मग लपून खातात नाहीतर जेवणच सोडतात. रात्रीचं जेवण एकत्र, मोबाईल बाजूला, आणि ताटात किती वाढून घ्यायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. रोज 60 मिनिटं हालचाल, सलग नसली तरी चालेल, नाच, सायकल, जे आवडेल ते. झोप, किशोरवयात, 8 ते 10 तास. आणि वजन उतरवायचंच आहे का उंची वाढेपर्यंत आहे तेवढंच राहिलं तरी पुरेल, हे डॉक्टरांना ग्रोथ चार्ट (वयानुसार उंची-वजनाचा तक्ता) बघून सांगू दे.