आधी मासा ठरवा, मग हॉटेल: पुण्यात मासे खायला जाताना

पुण्यात मासे कुठे चांगले मिळतात असं विचारलं की समोरचा लगेच हॉटेलचं नाव सांगतो. नळ स्टॉपजवळचं निसर्ग आणि टिळक रस्त्यावरचं मासेमारी ही नावं तर पुणेकरांच्या तोंडावरच असतात. नाव कळलं हे चांगलंच, पण तेवढ्याने जेवण चांगलं होईलच असं नाही. कोणत्याही हॉटेलात ताटात काय येणार हे मासा कोणता, वार कोणता आणि महिना कोणता यावर ठरतं. म्हणून क्रम उलटा ठेवा. आज कोणता मासा खाण्यासारखा आहे ते आधी ठरवा आणि तो जिथे चांगला करतात तिथे जा.

पुण्यातला समुद्राचा मासा मुंबईच्या धक्क्यांवरून, रत्नागिरी-सिंधुदुर्गातून किंवा थेट पूर्व किनाऱ्यावरून बर्फात येतो आणि पहाटे गणेश पेठेच्या मासळी बाजारात उतरतो. मोठ्या बोटी समुद्रात अनेक दिवस राहतात. त्यामुळे ‘आज सकाळी पकडलेला’ मासा इथे शोधू नका. पकडल्यापासून स्वयंपाकघरात पोहोचेपर्यंत बर्फातून बाहेर न राहिलेला मासा म्हणजे पुण्यातला ताजा मासा. असा मासा उत्तम लागतो. बिघडतो तो दुपारभर बर्फाविना पडून राहिलेला, किंवा गोठवून, वितळवून पुन्हा गोठवलेला.

वार पाहून जा

पुण्यातली बरीच घरं सोमवारी, मंगळवारी, गुरुवारी किंवा शनिवारी मासे-मटण खात नाहीत. कुणाचा सोमवार शंकराचा, कुणाचा गुरुवार दत्ताचा. म्हणून खप बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी जास्त असतो आणि हॉटेलवालेही त्याच हिशोबाने माल उचलतात. या तीन दिवशी मासा स्वयंपाकघरात पडून राहत नाही. रविवारी माल सगळ्यात जास्त फिरतो, पण गर्दीही तेवढीच असते. साडेबाराच्या आत पोहोचलात तर ठीक. दीड वाजता गेलात तर तासभर बाहेर उभं राहावं लागेल, आणि तोपर्यंत तव्यावरचं तेलही थकलेलं असेल. खरं तर बुधवारची दुपार सगळ्यात सोयीची.

सोमवारी जायचंच असेल तर पापलेट मागवू नका. रविवारचा उरलेला महागडा मासा खपवायचा दिवस तोच. त्या दिवशी सोड्याची खिचडी, सुकटीची चटणी, सुक्या बोंबलाचं कालवण मागवा. सुक्या मासळीला वाराचं बंधन नाही.

महिना पाहून मागवा

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा सगळ्यात अवघड, कारण त्या दिवसांत दोन्ही किनारे बंद असतात. जूनच्या उत्तरार्धापासून पूर्वेकडचा मासा येऊ लागतो. या दोन महिन्यांत मेनूकार्डावर पापलेट, सुरमई, रावस सगळं छापलेलं असेल, पण बरंचसं गोठवलेलं असणार हे धरून चाला. तेव्हा खाडीची मासळी, गोड्या पाण्यातले रोहू-कटला आणि सुकी मासळी हेच शहाणपणाचं.

नारळी पौर्णिमेनंतर आवक वाढू लागते. सुरुवातीला कोळंबी भरपूर असते. पण श्रावण आणि गणपती संपेपर्यंत पुण्यात गिऱ्हाईक कमी, त्यामुळे छोट्या हॉटेलात माल हळू फिरतो. खायचा खरा मोसम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि थंडीभर चालतो. बांगडा, सुरमई, बोंबील, मांदेली ही सगळी मंडळी तेव्हा बाजारात दिसतात.

पापलेटबद्दल एक विनंती. २०२३ साली राज्य सरकारने त्याला राज्य मासा जाहीर केलं, ते त्याची संख्या घटत चालली आहे म्हणूनच. तळहाताहून लहान पापलेट म्हणजे अजून अंडी न घातलेलं पिल्लू. ते स्वस्त पडतं म्हणून मागवू नका. त्यात मांसही धड नसतं आणि पुढच्या मोसमाचा मासा तेवढाच कमी होतो.

कोणत्या हाताचं जेवण हवं?

‘कोकणी थाळी’ अशी पाटी सगळीकडे दिसते, पण तिच्याखाली चार वेगळी स्वयंपाकघरं असतात. मालवणी कालवणात भाजलेलं खोबरं-कांद्याचं वाटप, मालवणी मसाला आणि कोकम असतं. बांगडा आणि तारलीला त्रिफळंही (कोकणातलं मिरीसारखं झणझणीत सुकं फळ) पडतात. बांगड्याचं तिखलं मागवायचं ते इथेच. वाटीत काळसर, कडक त्रिफळं दिसली नाहीत किंवा त्यांचा तो झणझणीत वास आला नाही, तर ते तिखलं नुसतंच लाल रस्सा आहे असं समजा. त्रिफळं चावायची नसतात, बाजूला काढायची. पहिल्यांदा खाणाऱ्याला हे आधी सांगा.

गोव्याकडच्या हुमणात, म्हणजे तिथल्या माशाच्या कालवणात, खोबरं कच्चं वाटलेलं असतं. रंग केशरी, चव सौम्य आणि आंबट. आगरी-कोळी जेवणात खोबरं कमी, लसूण-मिरची-कोथिंबीर जास्त, कालवण पातळ आणि सोबत तांदळाची भाकरी. ओले बोंबील आणि खेकडे खायचे तर असं ठिकाण शोधा. मंगळुरी हॉटेलात ब्याडगी मिरचीचा रंग, गस्सी (नारळाच्या वाटणाचा दाट रस्सा) आणि नीर डोसे (तांदळाचे पातळ, मऊ डोसे). कोळंबीला हा प्रकार फार शोभतो. चारही प्रकार एकाच कार्डावर असतील आणि खाली पंजाबी व चायनीजही असेल, तर बहुतेक सगळ्यांना एकच लाल ग्रेव्ही जाते. कार्ड जितकं लहान तितका भरवसा जास्त.

निघण्यापूर्वी एक फोन

साडेअकराच्या सुमारास फोन करा. तोवर बाजार झालेला असतो आणि गर्दी सुरू झालेली नसते. ‘सगळं ताजं आहे का?’ असं विचारू नका, त्याला एकच उत्तर येतं. असं विचारा: “दादा, आज बाजारातून काय काय आलंय? आणि काय नाही आलं?” दुसरा प्रश्न महत्त्वाचा. जो मॅनेजर सरळ सांगतो की आज रावस नाही, बोंबील बरे नाहीत, त्याच्याकडे जा. पावसाळ्यातही सगळं आहे म्हणणाऱ्याकडे सगळं फ्रीजरमध्ये असतं.

त्याच फोनवर खेकड्यांची चौकशी करा. खेकडा जिवंत असतानाच कापायला हवा. मेलेला खेकडा झपाट्याने बिघडतो आणि त्याचं मांस पाण्यासारखं होतं. वजनावर भाव असेल तर किलोचा दर आणि एक नग साधारण किती ग्रॅमचा, दोन्ही विचारून ठेवा. अमावास्येच्या आसपास खेकडे भरलेले आणि पौर्णिमेला पोकळ असं कोळी सांगतात. एकाच आकाराच्या दोन खेकड्यांत हाताला जड लागेल तो घ्यावा, हे मात्र कोणत्याही तिथीला खरं.

टेबलावर

आधी कच्चा मासा पाहायला मागा. चांगल्या ठिकाणी ट्रे आणून दाखवतात, त्यात संकोच कसला? डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, खोल गेलेले आणि दुधाळ नकोत. कल्ले उचलून पाहा: लाल किंवा गुलाबी बरे, तपकिरी नको. बोटाने दाबल्यावर पडलेला खळगा लगेच भरून यायला हवा. वास समुद्राचा असतो. अमोनियासारखा तिखट वास आला तर तिथेच नको म्हणा.

सुरमई मागवताना “मधली तुकडी द्या” असं सांगा. मधल्या तुकडीला एकच मोठा काटा असतो आणि मांस भरपूर. शेपटीकडची लहान आणि कोरडी होते. तुकडी किमान अर्धा इंच जाड हवी. पातळ तुकडी रव्याच्या जाड थरात लपवली जाते आणि वरून कुरकुरीत, आतून वाळकी लागते. ‘रवा कमी, तव्यावर’ असं मुद्दाम सांगितलेलं बरं. गर्दीच्या वेळी सगळं एकाच कढईत डीप फ्राय होतं आणि मग बांगड्याच्या तेलाचा वास पापलेटला लागतो. तव्यावर पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेव्हा तळणाची ऑर्डर बसल्याबरोबर द्या.

बोंबलाची कसोटी वेगळी. या माशात पाणी फार असतं. चिरून, वजनाखाली दाबून पाणी काढलं नाही तर तो तव्यावर सुटतो आणि वरचं पीठ लगदा होतं. ताटात आलेला बोंबील उचलल्यावर सरळ राहिला पाहिजे. मधोमध वाकून तुटला तर दाबायला वेळ दिलेला नाही.

कार्डावर नुसतं ‘फिश फ्राय’, ‘बोनलेस फिश’ किंवा ‘फिश टिक्का’ लिहिलं असेल तर मासा कोणता ते विचारा. बहुतेक वेळा तो बासा असतो. बासा खाण्यात गैर काही नाही. मात्र तो पाळून वाढवलेला, गोड्या पाण्यातला, जवळजवळ बेचव मासा आहे. रावसाचे पैसे त्याला देऊ नका.

थाळीबद्दल फार थोडे लोक सांगतात ती गोष्ट अशी. सुरमई थाळी, पापलेट थाळी, बांगडा थाळी यांत तळलेली तुकडी वेगळी असते, पण वाटीतलं कालवण बहुतेक ठिकाणी सगळ्यांना एकच असतं. त्यात तुमचा मासा शिजलेला नसतो, म्हणून ते सपाट लागतं. चौघं असाल तर चार थाळ्या घ्या (दोन सुरमई, एक बांगडा, एक कोळंबी), तुकड्या वाटून खा आणि एक खरं कालवण वेगळं मागवा, ज्यात मासा हाडांसकट शिजलाय. शिवाय तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं एक प्लेट पुरे. शिजल्यावरही न उघडलेली शिंपली खाऊ नका, बाजूला ठेवा. लहान मुलांना सुरमई किंवा पापलेट द्या. करली चवीला सुरेख, पण बारीक काट्यांनी भरलेली. सवय नसलेल्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

सोलकढी आधी मागवून पाहा. तिच्यावरून स्वयंपाकघर कळतं. नारळाचं दूध, कोकमाचं आगळ, लसूण, हिरवी मिरची, मीठ, बस. थोडा वेळ ठेवली की नारळाचा चोथा तळाशी बसतो आणि वर फिकट पाणी दिसतं. हे चांगलं लक्षण आहे, ढवळून प्या. भडक गुलाबी, अजिबात न फुटणारी, जिभेवर पिठूळ लागणारी सोलकढी पावडरीची. नारळाचं दूध उकाड्यात काही तासांत आंबतं, म्हणून उन्हाळ्यात रात्री साडेनऊनंतर ती मागवताना आधी घोटभर चाखा.

चुकलं तर

तुकडी मोडल्यावर मांसाच्या पाकळ्या सुट्या व्हायला हव्यात. कापसासारखे तंतू आणि ताटलीत पाणी सुटलेलं दिसलं तर मासा वाईट गोठवलेला होता. कोळंबी रबरी लागली तर जास्त शिजली आहे, पिठासारखी लागली तर जुनी आहे. पहिली चूक आचाऱ्याची, दुसरी मालाची. दुसरी असेल तर प्लेट परत करा, पहिल्या दोन घासांतच आणि आवाज न चढवता.

बांगडा, सुरमई, तारली, कुपा (ट्यूना) खाताना जिभेला मिरीसारखी चुरचुर किंवा मुंग्या जाणवल्या तर लगेच थांबा. बर्फाविना राहिलेल्या अशा माशांत हिस्टामिन तयार होतं आणि ते तळून किंवा उकळून जात नाही. थोड्या वेळात चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर गांधी उठणं असं झालं तर डॉक्टर गाठा. याला ‘मासा बाधला’ म्हणून घरी बसून राहू नका.

बिलावर सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही, ते देणं न देणं तुमच्या मर्जीवर आहे. नको असेल तर काढायला सांगा आणि वाढणाऱ्याच्या हातात थेट पैसे द्या.

शहराबाहेर जायची तयारी असेल तर

सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटरवर भिगवण आहे. उजनी धरणाच्या पाण्याची मासळी तिथे हॉटेलांत रोज मिळते आणि पाणी ते ताट हे अंतर इतकं कमी पुण्यातल्या कोणत्याही हॉटेलात नसतं. चिलापी (तिलापिया) तळून घ्या आणि रस्सा रोहू किंवा मरळीचा, ज्वारी-बाजरीच्या भाकरीबरोबर. इथला मसाला कांदा-लसणाचा आणि सुक्या खोबऱ्याचा, कोकम नाही. मालवणी चवीची अपेक्षा ठेवून जाऊ नका. जून-जुलैच्या बंदीत समुद्राचा गोठवलेला मासा खाण्यापेक्षा ही वाट कितीतरी बरी.

पार्सल

तळलेला मासा पार्सल नेऊ नका. डब्यातल्या वाफेने अर्ध्या तासात रवा ओला होतो. घरी तवा असेलच, तर हॉटेलकडून मसाला लावलेली कच्ची तुकडी मिळते का विचारा. ओळखीच्या ठिकाणी देतात. कालवण मात्र पार्सलला उत्तम, संध्याकाळी अधिकच मुरतं. भात घरी लावा. कालवण गरम करताना आच मंद ठेवा आणि खळखळून उकळी येऊ देऊ नका, नाहीतर खोबऱ्याचं वाटण फुटून वर तेल तरंगतं आणि मासाही मोडतो. डाव न घालता पातेलं नुसतं हलवा.