सिलिमारिन आणि स्पिरुलिना: लिव्हरसाठी घेताना लेबल कसं वाचावं, कधी थांबावं

आधी विष थांबवायचं, कॅप्सूल नंतर. दारू चालू ठेवून सिलिमारिन घेण्याला अर्थ नाही. पॅरासिटामॉलच्या गोळ्या जास्त पोटात गेल्या असतील तर घरी काहीच देत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या 8 तासांत सुरू झाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. पहिल्या दिवशी पेशंटला फक्त मळमळतं किंवा काहीच होत नाही. फसगत इथेच होते, कारण लिव्हरची इजा नंतर दिसते.

सिलिमारिन मिल्क थिसल या काटेरी वनस्पतीच्या बियांतून काढतात. लेबलवर 'अर्क 200 मि.ग्रॅ., सिलिमारिन 70 टक्के' असं लिहिलं असेल तर एका कॅप्सूलमध्ये सिलिमारिन 140 मि.ग्रॅ. असतं. बहुतेक अभ्यासांत हीच मात्रा दिवसातून तीनदा, म्हणजे एकूण 420 मि.ग्रॅ. दिलेली आहे. टक्केवारी छापलेलीच नसेल तर डबा परत ठेवा. बियांची पूड किंवा काढा स्वस्त पडतो, पण सिलिमारिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे काढ्यात ते फारसं उतरतच नाही. कॅप्सूल जेवणासोबत घ्या. शेवंती-झेंडूची अ‍ॅलर्जी असेल तर टाळा, कारण कूळ एकच. वॉरफेरिन (रक्त पातळ करणारं औषध) किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. युरोपात डेथ कॅप या विषारी अळंबीच्या बाधेवर सिलिबिनिन (सिलिमारिनमधला मुख्य घटक) शिरेतून देतात, हे खरं. पण त्यावरून तोंडाने घेतलेली कॅप्सूलही तसंच काम करेल असं मानू नये.

स्पिरुलिना हे खाण्यासाठी वाढवलेलं निळं-हिरवं शेवाळ. तिच्याबाबत माणसांवरचा पुरावा तोकडा आहे, आणि धोका भेसळीत आहे. स्पिरुलिना स्वतः मायक्रोसिस्टिन हे विष तयार करत नाही. उघड्या तळ्यात तिच्याबरोबर दुसरं निळं-हिरवं शेवाळ वाढलं की ते विष पावडरीत येतं, आणि ते नेमकं लिव्हरवरच घाव घालतं. उकळूनही ते नष्ट होत नाही. म्हणून कंपनीकडून बॅच क्रमांकासह तपासणी अहवाल मागवा: मायक्रोसिस्टिन, शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने मायक्रोसिस्टिनची मर्यादा ग्रॅममागे 1 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. आकडा त्याच्याशी ताडून बघा. सरोवरातून थेट गोळा केलेलं शेवाळ शक्यतो घेऊच नका. फिनाइलकीटोन्यूरिया (फिनाइलअ‍ॅलानिन हा प्रथिनांतला घटक न पचवता येणारा जन्मजात आजार) असलेल्यांना स्पिरुलिना चालत नाही.

'नैसर्गिक' पदार्थही लिव्हर बिघडवतात. गुळवेल, मिरीचा अर्क घातलेली हळदीची कॅप्सूल, ग्रीन टीचा अर्क, या तिन्हींमुळे लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून एका वेळी एकच नवीन गोष्ट सुरू करा. दहा वनस्पतींची मिश्र गोळी घेतलीत तर दोष कोणाचा हे शोधताच येत नाही.

सुरू करण्याआधी एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) करून घ्या, पुन्हा 6 ते 8 आठवड्यांनी करा. त्यातलं एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) लॅबच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट झालं, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी सगळं बंद करा आणि डबा घेऊनच डॉक्टरांकडे जा. लेबल नसलेल्या कावीळीच्या पुड्याही सोबत न्या.