पाणथळ जागेतला रानगुलाब: बी पेरण्यापासून लागवडीपर्यंत

गुलाबाच्या मुळाशी पाणी साचलं की झाड गेलंच, हे आपलं ठाम मत. रोझा क्लिनोफायला हा रानगुलाब त्याला अपवाद आहे. बंगाल-बिहारमधल्या नदीकाठच्या सखल जमिनी, बांगलादेशातल्या सुनामगंज भागातले हाओर आणि राजस्थानात माउंट अबूचे ओढे ही त्याची घरं. हाओर म्हणजे पावसाळ्यात काही महिने पाण्याखाली जाणारे विस्तीर्ण खोलगट भाग. पाणी ओसरलं की तिथे या झुडपांना पांढरी, पाच पाकळ्यांची फुलं येतात. आता या जमिनीत उन्हाळी भात होतो, उरलेली झाडी सरपणाला तुटते. ऊन आणि ओल दोन्ही सोसतो म्हणून कोडाईकनालच्या वीरू आणि गिरिजा वीरराघवन यांनी उष्ण हवेतले गुलाब घडवताना याचा वापर केला.

आधी ओळख पटवून घ्या. रोझा ब्रॅक्टिएटा हा चिनी भाऊबंद याच्या नावाने खपू शकतो. त्याची पर्णिका, म्हणजे संयुक्त पानातलं एकेक छोटं पान, चकचकीत, टोकाला बोथट असते आणि काटे आकडीसारखे वाकलेले. क्लिनोफायलाचे काटे सरळ, पानाच्या बुडाशी जोडीने, आणि फुलाखालची बोंडी लवदार.

संवर्धनासाठी रोपं करायची असतील तर छाट कलमांवर, म्हणजे फांदीचे तुकडे लावून केलेल्या रोपांवर, भिस्त ठेवू नका. एका झाडाची पन्नास कलमं म्हणजे जनुकांच्या हिशेबात एकच झाड. शिवाय रानगुलाबांच्या बऱ्याच जाती स्वतःच्या परागाने फळ धरत नाहीत, त्यामुळे फुलं भरपूर येतात आणि बोंडं पिवळी पडून गळतात. वेगवेगळ्या झाडांचं बी घ्या, प्रत्येकाची पिशवी वेगळी ठेवा, आणि जागा व तारीख पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई ओलीत उडते. बागेतल्या झाडाचं बी मात्र संवर्धनाला चालत नाही, कारण शेजारच्या गुलाबाशी संकर झालेला असू शकतो. अबूचं जंगल अभयारण्य आहे, तिथलं फळ वनखात्याच्या परवानगीशिवाय तोडू नये.

फळाचा हिरवा रंग मोडला की काढा. चिरून बी वेगळं करा आणि गर पूर्ण धुवा; गरात उगवण रोखणारी द्रव्यं असतात, आणि राहिलेल्या गरावर बुरशीही आधी येते. सावलीत सुकवून बरणीत भरा. सप्टेंबरच्या मध्याला बी रात्रभर पाण्यात भिजवा, लिटरला 1 ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात 15 मिनिटं ठेवा आणि ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळून पिशवीत भरा. कोकोपीट मुठीत पिळल्यावर एखादाच थेंब पडावा. पिशवी फ्रीजमध्ये 4 ते 5 अंशांवर सहा ते आठ आठवडे ठेवा; या थंडीने बियांची झोप मोडते. फ्रीझरमध्ये नाही. दर दहा दिवसांनी उघडून पाहा, बुरशी दिसली तर बी धुऊन कोकोपीट बदला.

नोव्हेंबरात वाळू आणि कोकोपीट समप्रमाणात घेऊन ट्रेमध्ये 1 सेंमी खोल पेरा. उबदार जागेत ट्रे ठेवला तर लवकर उगवेल असं वाटतं, पण उकाड्यात बी पुन्हा झोपी जातं. 18 ते 22 अंश बरे. उगवण विस्कळीत होते, काही बिया पुढच्या हिवाळ्यातच फुटतात, म्हणून ट्रे रिकामा करू नका. इथेच बहुतेकांची चूक होते: झाड पाणथळातलं म्हणून रोपांना चिखलात ठेवतात आणि ती बुडातून कुजून आडवी होतात. मुळं भक्कम होईपर्यंत निचरा हवाच. बियांतून निघणाऱ्या पहिल्या दोन दलांनंतरची चार खरी पानं आल्यावर पिशवीत हलवा.

बी हाती लागत नसेल तर दाब कलम करा. लवचीक फांदी वाकवून, डोळ्याखाली छोटा काप देऊन मातीत पुरा आणि वर दगड ठेवा; मुळं सुटली की तोडा.

रोपांची लागवड पुढच्या वर्षी पाणी ओसरल्यावर, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात. पावसाळी पाण्याची रेघ जिथे येते तिथे, 45 सेंमीचा खड्डा, दोन झाडांत 2 मीटर. पूर येईपर्यंत सहा-सात महिने मुळं धरायला मिळतात. जूनमध्ये लावलेलं रोप पहिल्याच पाण्यात उपटतं.

महाराष्ट्रातल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत याच्या पानांवर केवडा पडू शकतो: शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक अॅसिड, संध्याकाळी फवारा. आणि इथे तो बागेतल्या तळ्याकाठीच ठेवा, ओढ्या-नाल्यांत सोडू नका. वर सांगितलेल्या ब्रॅक्टिएटाने अमेरिकेच्या टेक्सासमध्ये कुरणंच्या कुरणं व्यापली आहेत.