पॉलिमर ओळखा: एक तुकडा, चार रकाने

पॉलिमर म्हणजे लहान रेणू एकमेकांना जोडून बनलेली लांब साखळी. त्याचे प्रकार पाठ करताना घोळ होतो, कारण चार निरनिराळे प्रश्न एकाच यादीत कोंबलेले असतात. ‘नायलॉन कृत्रिम की उष्मामृदू (तापवल्यावर मऊ होणारं)?’ या प्रश्नाला अर्थ नाही. ते दोन्ही आहे. म्हणून वहीत चार रकाने आखा: उगम, साखळीची रचना, घडण्याची रीत आणि उष्णतेत काय होतं.

नमुने घरातच मिळतात: दुधाची पिशवी (एलडीपीई, म्हणजे कमी घनतेचं पॉलिथिन), पाण्याची बाटली (पीईटी), शाम्पूची बाटली (बहुधा एचडीपीई, म्हणजे जास्त घनतेचं पॉलिथिन), पीव्हीसी पाइपचा तुकडा, वापरून टाकायचा पॉलिस्टायरिनचा चमचा, जुना बेकेलाइटचा स्विच, कापसाचा दोरा.

उगमाचा रकाना पटकन भरतो. दोरा नैसर्गिक, बाकी सगळे कृत्रिम. रेयॉन मिळालं तर ते मधलं, अर्धकृत्रिम: नैसर्गिक सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून केलेलं.

रचनेसाठी पाणी लागतं. सेंटिमीटरभर तुकडे कापा, पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब टाका आणि तुकडे बुडवून सोडा. साबण विसरलात तर कडेला चिकटलेल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे बाटलीचा पीईटीसुद्धा तरंगतो. पीईटी (घनता घन सेंटिमीटरला सुमारे 1.38 ग्रॅम; पाण्याची 1) आणि पीव्हीसी बुडतात, पॉलिथिन तरंगतं. एलडीपीईच्या साखळीला फांद्या असतात, ती दाटीनं बसत नाही, म्हणून घनता 0.91 ते 0.93, एचडीपीईची साखळी बरीचशी सरळ, म्हणून 0.94 ते 0.97. चमचा (सुमारे 1.05) साध्या पाण्यात बुडतो, लिटरभर पाण्यात 110 ग्रॅम मीठ विरघळवलं की वर येतो. थर्मोकोलही पॉलिस्टायरिनच, पण हवा भरलेलं, म्हणून ही कसोटी त्याला लावू नका. खुर्चीचं पॉलिप्रॉपिलिनही फसवतं: त्यात खडूची भुकटी भरपूर मिसळली असेल तर बुडतं.

घडण्याची रीत मात्र डोळ्यांना दिसत नाही, ती अभिक्रियेवरून ठरवावी लागते. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ कॅरोदर्सनं 1929 साली समावेशन आणि संघनन असे दोन भाग केले. इथिलीनचा दुहेरी बंध उघडून पॉलिथिन होतं, काहीच बाहेर पडत नाही: हे समावेशन. नायलॉन 66 घडताना मात्र दर जोडणीला पाण्याचा एक रेणू सुटतो: हे संघनन. खरी गोम नायलॉन 6 मध्ये आहे. बडोद्याच्या फर्टिलायझरनगरात बनणारं कॅप्रोलॅक्टम हा त्याचा कच्चा माल. त्याचं कडं उघडून साखळी होते, त्यामुळे एकूण हिशेबात पाणी सुटत नाही. तरी पुस्तकं त्याला संघननात घालतात, कारण तयार साखळीत नायलॉन 66 सारखेच अमाइड बंध (–CO–NH–) असतात. परीक्षेत पुस्तकाप्रमाणे लिहा, पण कारण ठाऊक असू द्या.

शेवटचा रकाना उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून भरा. तापवलेला खिळा चिमट्यात धरून टेकवा. वितळून धागा ओढला गेला तर उष्मामृदू. स्विचसारखा नुसता काळवंडला तर उष्मादृढ, त्याच्या साखळ्या जाळ्यात बांधलेल्या असतात. दोऱ्याला ही कसोटी लावू नका: तोही न वितळता जळतो, पण तो उष्मादृढ नव्हे.

पीव्हीसीची शंका असेल तर तांब्याची तार ज्योतीत आधी स्वच्छ जाळून घ्या, हिरवा रंग पूर्ण जाऊ द्या, मग गरम तार तुकड्याला टेकवून पुन्हा ज्योतीत धरा. हिरवी ज्योत म्हणजे क्लोरीन, आणि तो पीव्हीसीत असतो. धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो, म्हणून तांदळाएवढाच कण घ्या. तार मिठाच्या पाण्यानं ओल्या बोटांनी धरली असेल तर ज्योत पिवळी होते आणि हिरवा रंग लपतो.