बॅटरी डिकीत हलवताय? या चुका टाळा

पुढच्या चाकांवरचा भार कमी करायला स्पोर्ट्स कारची बॅटरी बॉनेटखालून उचलून डिकीत नेणं हे रविवारच्या दुपारचं काम आहे, असं समजून लोक पाना हातात घेतात. अशा गाड्या पुढे दुरुस्तीला येतात आणि प्रत्येकीत तेच दोष सापडतात. बॅटरी हलवायला अर्धा तास पुरतो. बाकी सगळा वेळ वायरिंगचा असतो, आणि घाई नेमकी तिथेच होते.

हिशेब न करता सुरुवात करणं. १२०० किलोची गाडी घ्या. तिच्या पुढच्या चाकांवर ५३ टक्के, म्हणजे ६३६ किलो भार आहे. १५ किलोची बॅटरी अडीच मीटर मागे नेली आणि व्हीलबेसही अडीच मीटर असला, तर पुढचा भार ६२१ किलो होतो, म्हणजे पावणेबावन्न टक्के. फरक जेमतेम सव्वा टक्क्याचा. हा फरक वळणावर कळतो आणि तो मिळवण्यासारखा आहे, पण त्याची किंमतही मोजावी लागते. ५० चौरस मिलिमीटरची पाच मीटर केबल म्हणजे नुसतं तांबंच सव्वादोन किलो. वर ब्रॅकेट, खोका, नट-बोल्ट. ज्यांना फक्त वजन कमी करायचं आहे त्यांनी मूळ जागीच हलकी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवावी. फक्त आधी अल्टरनेटरचं (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचं) चार्जिंग व्होल्टेज त्या बॅटरीला चालतं का ते तपासावं.

बॅटरी पार मागच्या बंपरला चिकटवणं. मागच्या आसाच्या पलीकडे वजन नेलं की कागदावरचे टक्के आणखी छान दिसतात. पण काठीच्या टोकाला वजन बांधलं की ती फिरवायला आणि थांबवायला जड जाते, तसंच गाडीचं होतं. मी बॅटरी मागच्या आसाच्या शक्य तितकी जवळ आणि खाली ठेवतो, तीही ड्रायव्हरच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे एकट्याने चालवताना डावं-उजवं वजनही जुळतं.

इंजिनाचं अर्थिंग विसरणं. सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात जास्त संताप आणणारी चूक. मूळ बॅटरीच्या निगेटिव्हवरून साधारणपणे दोन वाटा निघतात: एक बॉडीला, दुसरी इंजिनाला किंवा गिअरबॉक्सला. बॅटरी मागे गेली की लोक ही जुनी केबल सरळ काढून टाकतात, डिकीच्या पत्र्याला एक बोल्ट मारतात आणि निगेटिव्हचं काम झालं असं मानतात. पण इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. बॉडीशी त्याचा जाड तांब्याचा संबंध तुटला की सेल्फचा दीड-दोनशे अँपिअर करंट परत यायला मिळेल ती वाट शोधतो.

एक गाडी माझ्याकडे आली ती 'सेल्फ कमजोर आहे' या तक्रारीने. मालकाने आधी सेल्फ बदलला होता, मग बॅटरी. पॉझिटिव्ह केबल अंगठ्याएवढी जाड, झाकपाक नीट, आणि सेल्फ मात्र रडत फिरत होता. मल्टिमीटरची एक पिन इंजिन ब्लॉकवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरली आणि सेल्फ मारायला सांगितला. काटा हलला नाही तर तो जोड चांगला. अर्ध्या व्होल्टपर्यंत मी सहन करतो. इथे साडेतीन व्होल्ट दिसले. बारापैकी साडेतीन व्होल्ट वाटेतच संपत होते. मग अॅक्सिलरेटर दाबून पाहिला, तर पेडल परत येताना अडकत होतं. अॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावला तर ती गरम, आणि फायरवॉलपाशी तिचं प्लॅस्टिकचं अस्तर वितळून आतल्या तारेला चिकटलेलं. सेल्फचा करंट अॅक्सिलरेटरच्या तारेतून परत जात होता! रस्त्यावर ते पेडल दाबलेल्या अवस्थेत अडकलं असतं तर काय झालं असतं, ते मालकाला सांगावं लागलं नाही. तार हातात दिली, एवढं पुरलं. इलाज साधा होता: ब्लॉकपासून चॅसीपर्यंत ५० चौरस मिलिमीटरचा एक तुकडा आणि नवी अॅक्सिलरेटर केबल. नवा सेल्फ आणि नवी बॅटरी यांची काही गरज नव्हती.

माझी सवय अशी: इंजिन ते चॅसी आणि बॅटरी ते चॅसी, दोन्ही केबल पॉझिटिव्हच्याच जाडीच्या. बोल्टखालचा रंग लख्ख पत्रा दिसेपर्यंत घासायचा, थिंबल (केबलच्या टोकाचं धातूचं कडं) आवळायचा आणि मग वरून रंग किंवा ग्रीस लावायचं. उलटा क्रम चालत नाही. नव्या गाडीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर करंट सेन्सर असेल तर तोही बॅटरीबरोबर मागे न्यायचा, आणि कोणतीही अर्थ वायर त्याला वळसा घालून थेट खांबावर जोडायची नाही.

फ्यूज न लावणं. 'कंपनी तरी सेल्फच्या वायरला कुठे फ्यूज लावते?' हा युक्तिवाद मला नको. बॅटरी पुढे असताना ती वायर हातभर असते. तुम्ही ती सीटखालून, कार्पेटखालून अख्ख्या गाडीतून नेता आहात. अपघातात पत्रा चेपला, सीटच्या रुळाने इन्सुलेशन कापलं, की बॅटरी शेकडो अँपिअर त्या एका बिंदूत ओतते आणि तुम्ही बसलेले असता तिथे आग लागते. बीएमडब्ल्यूने ई-४६ (थ्री सिरीजची एक पिढी) मालिकेत बॅटरी डिकीत ठेवली तेव्हा पॉझिटिव्ह क्लॅम्पमध्येच स्फोटक कळ बसवली; धडक बसली की ती सेल्फकडे जाणारी केबल तोडते. तुमच्याकडे ती नाही, म्हणून फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरात. पुढे इंजिनाजवळ लावलेला फ्यूज मागच्या पाच मीटरचं रक्षण करत नाही. छोट्या चार सिलिंडर इंजिनाला मी २५० ते ३०० अँपिअरचा फ्यूज वापरतो. तो सगळं काम तपासून झाल्यावर, शेवटी बसवतो.

स्वस्त केबल. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल बाहेरून जाड दिसते, पण करंट कमी वाहते. शुद्ध तांब्याची, बारीक तारांची केबल घ्या. १६ चौरस मिलिमीटरच्या पाच मीटरमध्ये २०० अँपिअरला एक व्होल्टहून जास्त जातो, ५० मध्ये साधारण एक तृतीयांश व्होल्ट. हातोडीने ठोकून चपटा केलेला थिंबल मी कापून टाकतो. हायड्रॉलिक क्रिंपर नसेल तर केबल घेऊन ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा.

वायू बाहेर न काढणं. चार्ज होताना लेड-अॅसिड बॅटरी हायड्रोजन सोडते, आणि हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीने पेटतो. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांत बॅटरी कारखान्यातूनच डिकीत असते, आणि तिची व्हेंट नळी गाडीबाहेर काढलेली असते. एजीएम (आतलं आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेली सीलबंद बॅटरी) घ्या, नळी जोडा. साधी पाण्याची बॅटरी असेल तर बंद खोका आणि बाहेर जाणारी नळी, दोन्ही हवं.

पट्ट्याने बांधणं. कापडी पट्टा सामानासाठी असतो. १५ किलोच्या बॅटरीला २० जी चा धक्का बसला तर ती ३०० किलोच्या जोराने सुटते. धातूचं ब्रॅकेट, आरपार बोल्ट, पत्र्याखाली रुंद प्लेट. आणि ड्रिल मारण्यापूर्वी खाली वाकून पेट्रोलची टाकी कुठे आहे ते बघा.

कट-ऑफ स्विचची, म्हणजे गाडीची वीज एका झटक्यात तोडणाऱ्या स्विचची, चाचणी न घेणं. फक्त बॅटरीची वायर तोडणारा स्विच इंजिन बंद करत नाही. अल्टरनेटर ते चालू ठेवतो आणि व्होल्टेज उसळून इसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जाऊ शकतो. इग्निशनही तोडणारा, अल्टरनेटरच्या उसळीसाठी रेझिस्टर असलेला जास्त खांबांचा स्विच लावा.

केबल पेट्रोलच्या नळीला बांधू नका. एक्झॉस्टपासून दूर ठेवा. पत्र्यातून जाताना प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट. काम सुरू करताना निगेटिव्ह आधी काढा, संपवताना शेवटी लावा.

डिकीचं कुलूप विजेवर उघडणारं असेल, तर बॅटरी उतरल्यावर आत हात घालता येत नाही. म्हणून बॉनेटखाली झाकणासकट एक पॉझिटिव्ह जंप पोस्ट (बाहेरून वीज द्यायला बॅटरीला जोडलेला खांब) ठेवा, आणि डिकी बंद करण्याआधी किल्लीने ती उघडते का, हे करून बघा.