धोरणाची अनिश्चितता, आर्थिक वाढ आणि कार्बन उत्सर्जन: भारतापुरता अभ्यास कसा करावा

आर्थिक धोरणाविषयीची अनिश्चितता वाढली की कार्बन उत्सर्जन वाढते की घटते, या प्रश्नाचे एकच उत्तर शोधू नये. कर किंवा आयात शुल्काबाबत खात्री नसेल, तर उद्योजक नवी गुंतवणूक लांबणीवर टाकतो आणि उत्पादन मंदावल्याने उत्सर्जन काही काळ उतरते; परंतु त्याच कारणाने सौर व पवन प्रकल्पही रखडतात आणि कोळशावरची जुनी वीजकेंद्रे अधिक वर्षे चालत राहतात. म्हणून अल्पकालीन व दीर्घकालीन परिणाम पहिल्यापासून वेगळे मोजावेत.

अनिश्चिततेसाठी बेकर, ब्लूम आणि डेव्हिस या अर्थतज्ज्ञांचा निर्देशांक घ्यावा. वृत्तपत्रांतील बातम्यांवरून काढलेला हा निर्देशांक भारतासाठी 2003 पासून दरमहा उपलब्ध आहे. मात्र तो सर्वच आर्थिक धोरणांचा असल्याने ऊर्जाक्षेत्रातील मोठे निर्णय स्वतंत्रपणे नोंदवावेत. उदाहरणार्थ, एप्रिल 2022 पासून आयात सौर पॅनेलवर 40 टक्के मूलभूत सीमाशुल्क लागू झाले.

आर्थिक वाढीसाठी स्थिर किमतींनुसार, म्हणजे महागाईचा परिणाम वगळून, दरडोई उत्पन्न घ्यावे. उत्पन्न एका पातळीपलीकडे गेल्यावर प्रदूषण घटू लागते, हे गृहीतक तपासण्यासाठी उत्पन्नाचा वर्गही (उत्पन्नाला उत्पन्नानेच गुणून येणारी संख्या) उत्सर्जनाच्या समीकरणात घालतात; पण गणिताने दाखवलेली ती पातळी भारताच्या आजवरच्या उत्पन्नाहून कितीतरी वर असेल, तर तिच्यावर कोणताही निष्कर्ष उभारू नये.

स्वच्छ ऊर्जेच्या बाबतीत सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. स्थापित क्षमता नव्हे, तर प्रत्यक्ष वीजनिर्मिती मोजावी. 2025 मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल व वायू सोडून इतर) स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोहोचला, तरी प्रत्यक्ष निर्मितीत कोळशाचाच वाटा सर्वांत मोठा राहिला, कारण सौर पॅनेल रात्री वीज देत नाही आणि वाराही ऋतूनुसार बदलतो. मोठी जलविद्युत व अणुऊर्जा स्वच्छ ऊर्जेत धरली आहे की नाही, हे स्पष्ट लिहावे.

2003 पासूनच्या वार्षिक नोंदी जेमतेम दोन डझन भरतात, आणि एवढ्यावर अनेक चलांचे (बदलत्या घटकांचे) समीकरण टिकत नाही. त्यापेक्षा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची कोळशावरील वीजनिर्मितीची मासिक आकडेवारी घ्यावी. ती एकूण उत्सर्जन सांगत नसली, तरी त्याचा फार मोठा भाग पकडते. तिच्या जोडीला पाऊस व तापमान घ्यावे, अन्यथा उन्हाळ्यातील पंख्यांची मागणीसुद्धा धोरणाच्या माथी लागेल.

टाळेबंदीमुळे 2020 मध्ये अनिश्चितता वाढली आणि उत्सर्जन घटले, परंतु दोहोंचे मूळ साथीत होते. ते वर्ष धरून आणि वगळून अशी दोन्ही उत्तरे द्यावीत, आणि परिणामाचे चिन्ह उलटले, म्हणजे वाढीऐवजी घट किंवा घटीऐवजी वाढ दिसली, तर तसे ठळकपणे नमूद करावे.